कागदी भोपळ्याचा वंशवृक्ष

ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेतल्या बालवर्गांच्या खिडक्यांवर नारिंगी कागदाचे भोपळे, काळी वटवाघळं आणि हातपाय हलवणारे सांगाडे चिकटू लागतात. 31 ऑक्टोबरच्या हॅलोविनची मुळं केल्टिक लोकांच्या साउइन या सणात सांगितली जातात. साहजिकच हे कातरकामही तितकंच जुनं असावं, असं वाटतं. पण सण जुना असला तरी त्यातला कागद नवा आहे.

कागदाआधी होता सलगम. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये तो कोरून भेसूर चेहऱ्याचे कंदील करत. डोनेगल परगण्यातल्या अशाच एका कंदिलाचा प्लास्टरचा नमुना आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याचं सुरकुतलेलं तोंड पाहून मोठी माणसंही दचकतील. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयरिश माणसं लोंढ्याने अमेरिकेत गेली, तिथे त्यांना सलगमापेक्षा मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला. तरीही सुरी आणि पेटती मेणबत्ती हे पाच वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायचं काम नव्हे. बाहेरच्या खोड्याही, म्हणजे फाटकं उचकटणं, परसातले संडास उलथवणं, थोराड पोरांच्याच. चिमुरड्यांना या सणात करण्यासारखं फार थोडं होतं.

त्यांच्यासाठी वाट निघाली ती सणाशी काही संबंध नसलेल्या ठिकाणी. फ्रीडरिश फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने 1837 साली बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हटलं. कागदाच्या घड्या घालणं, कापणं, पट्ट्या विणणं हे त्याच्या लेखी वेळ घालवणं नव्हतं, शिक्षणच होतं. 1856 मध्ये मार्गारेटे शुर्झ यांनी विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला जर्मन भाषेतला बालवर्ग सुरू केला आणि ही पद्धत अमेरिकेत रुजू लागली. पुढे खेळ छापणाऱ्या मिल्टन ब्रॅडलीने बालवर्गांसाठी साहित्य आणि रंगीत कागद विकायला घेतले. याच वंशाची एक फांदी भारतातही आली. फ्रोबेलच्या घडीकामावरून सुचलेलं टी. सुंदर राव यांचं कागदी घड्यांच्या भूमितीवरचं पुस्तक 1893 साली मद्रासला निघालं आणि 1901 मध्ये शिकागोत पुन्हा छापलं गेलं. आपल्या शाळांतल्या घोटीव कागदाच्या तासाला हे कूळ परकं नाही.

मुलांचे हात तयार झाले, आता त्यांना हॅलोविन दिला तो व्यापाऱ्यांनी. डेनिसन कंपनीची सुरुवात 1844 ची, मेन राज्यातली. माल होता दागिन्यांच्या पुठ्ठ्याच्या डब्या. नंतर लेबलं आली, मग क्रेप कागद. पण नुसता क्रेप कागद घेऊन गिऱ्हाईक करणार काय? म्हणून कंपनीने 1909 साली ‘बोगी बुक’ काढलं. त्यात हॅलोविनच्या मेजवान्या, खेळ, कागदी पोशाख आणि टेबलाची सजावट यांच्या कल्पना होत्या. कृती जवळपास फुकट, कागद विकत. पोरांच्या खोड्यांना कंटाळलेल्या गावांनाही सण घरात आलेला हवाच होता.

दुसरं घराणं पेनसिल्वेनियातलं. 1900 साली सुरू झालेल्या बाइस्टल कंपनीने मधाच्या पोळ्यासारखे जाळीदार उलगडणारे पातळ कागदाचे भोपळे आणि ठशाने कापलेले पुठ्ठ्याचे सांगाडे घरोघरी नेले. घरी केलेल्या सांगाड्याचे सांधे जोडणारी पितळी पिन आली कचेरीतून. जॉर्ज मॅकगिलने तसल्या पिनेचं पेटंट 1866 साली घेतलं, ते कागदपत्रं एकत्र ठेवण्यासाठी.

1950 च्या हॅलोविनला फिलाडेल्फियाजवळच्या ॲलिसन दांपत्याच्या पुढाकाराने मुलांनी दुधाची रिकामी खोकी घेऊन दारोदार नेहमीच्या खाऊऐवजी पैसे मागितले. 17 डॉलर जमले, ते युनिसेफला गेले. पुढे त्याचीच नारिंगी पुठ्ठ्याची डबी झाली. घरात आणलेला कागद पुन्हा रस्त्यावर निघाला, आणि या वेळी लहान मुलंच पुढे होती.

बालवर्गातला कागद असो की ही डबी, सुरी-मेणबत्तीच्या सणात लहानांचा शिरकाव कागदाने करून दिला. म्हणूनच हल्लीची तयार पाकिटं खटकतात. भोपळा आधीच कापलेला, डोळे-तोंड स्टिकरचे. मुलाने फक्त सोलून चिकटवायचं. व्यापार राहिला, फ्रोबेल गळाला. खरं तर वटवाघळाला पाकीट लागतच नाही. काळा कागद मधोमध दुमडायचा, घडीच्या बाजूला अर्धं अंग आणि एक पंख काढायचा, बोथट कात्रीने कापून उलगडायचा. दुसरा पंख घडीतून आपोआप निघतो. तो कसा निघाला हे मूल विचारेलच. उत्तर सांगण्याऐवजी दुसरा कागद द्यावा.