टायरचे आकडे आणि गाडीची धाव

लाकडी चाकाच्या बैलगाडीला जी लोखंडी पट्टी चढवतात, तिला आपण धाव म्हणतो. ती बसवताना लोहार आधी चाकाचा घेर मोजतो, धाव त्याहून किंचित आखूड ठेवतो, भट्टीत लाल करून चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. धाव आवळते आणि आरे-पुठ्ठे एकमेकांत घट्ट बसतात. माप चुकले, की चाक खिळखिळे झालेच म्हणून समजा. चाकाचे माप ही अंदाजाने उरकायची गोष्ट नव्हे, हे शहाणपण आपल्या खेड्यांत मोटारी येण्यापूर्वीपासून आहे. पण आज भाजीपाला घेऊन मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीकडे जाणाऱ्या पिकअपचे टायर बदलायची वेळ आली, की आपण हे माप दुकानदारावर सोडून देतो. म्हणून या मापाचा इतिहास आणि डिझेलच्या खर्चाशी त्याचा संबंध आज पाहू.

हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाची. १८४५ साली त्याने तिचे पेटंट घेतले, पण तेव्हा ती रुजली नाही. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन डनलॉप या पशुवैद्याने सायकलसाठी तीच युक्ती पुन्हा काढली आणि ती जगभर पसरली. १८९५ साली फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी पॅरिस ते बोर्दो या शर्यतीत हवेच्या टायरची मोटार पळवली. साखर कारखान्यावर ऊस ओढणारी टायरची बैलगाडी तुम्ही पाहिली असेल. खडबडीत रस्त्यावर तिच्या बैलांना लोखंडी धावेच्या गाडीपेक्षा कमी जोर लावावा लागतो, कारण रस्त्यावरचा खडा हवेचा टायर पोटात घेतो, तर लोखंडी चाकाला त्याच्यावर चढावे लागते. मात्र टायर दर फेऱ्याला दबतो आणि फुगतो, त्यात थोडी शक्ती उष्णता होऊन वाया जाते. रुळावरचे आगगाडीचे चाक जवळजवळ दबतच नाही, म्हणून तेवढ्याच वजनाला आगगाडीला फार कमी ओढ लागते. दबण्यात वाया जाणारी ही शक्ती अखेर डिझेलच्या टाकीतूनच येते, हे ध्यानात ठेवा.

आता मुंबईच्या उपनगरांकडे वळू. आपल्या मोटारधंद्याच्या इतिहासात या भागाचे स्थान मोठे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज आणि फार्गो बनावटीच्या मालमोटारी बाहेर पडू लागल्या. त्याच साली महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडण्यास आरंभ केला. पुढे त्यांचा मोठा कारखाना कांदिवलीस उभा राहिला. १९५० साली महापालिकेची हद्द भांडुपपर्यंत आणि १९५७ साली मुलुंड-दहिसरपर्यंत वाढली. १९५८ साली भारतात सीएट कंपनी निघाली. मूळची ती इटलीतल्या तुरीन शहरची. तिचा टायरचा कारखाना भांडुपला, जुन्या आग्रा रोडच्या टापूत, उभा राहिला. म्हणजे मोटार कुर्ल्याला, टायर भांडुपला आणि जवळूनच नाशिककडे जाणारा रस्ता, अशी सोय झाली.

त्या काळच्या जीपचा टायर असे ६.००-१६ मापाचा. पहिला आकडा टायरची रुंदी सहा इंच असल्याचा, दुसरा आतल्या लोखंडी रिमचा व्यास सोळा इंच असल्याचा. टायरची उंची साधारण रुंदीइतकीच धरली जाई. म्हणून वरची सहा, खालची सहा आणि मधली सोळा मिळून पूर्ण व्यास सुमारे अठ्ठावीस इंच. तोंडी हिशेब! पुढे टायरची घडणच बदलली. १९४६ साली मिशलँ कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले. जुन्या टायरमधले धागे तिरपे, एकमेकांवरून जाणारे असत. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वर पोलादी तारांचा पट्टा असतो. असा टायर कमी तापतो, कमी झिजतो आणि इंधनही थोडे वाचवतो. आपल्या देशात रेडियल टायर १९७७ पासून बनू लागले.

रेडियलबरोबर आकड्यांची लिपीही बदलली. काही पिकअपच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. २१५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ७५. आर म्हणजे रेडियल. आणि १५ हा रिमचा व्यास, तो मात्र अजून इंचातच! शिक्षक बंधु-भगिनींनो, वर्गात फळ्यावर हे गणित जरूर मांडा. २१५ चे शेकडा ७५ म्हणजे १६१.२५. त्याची दुप्पट ३२२.५. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. एकूण व्यास ७०३.५ मिलिमीटर. त्याला २२ ने गुणून ७ ने भागले, की घेर येतो २२११ मिलिमीटर. भाराने टायर थोडा दबतो, पण तुलनेला हा हिशेब पुरतो.

समजा, मालकाने स्वस्त पडतो म्हणून मोटारकारचा २०५/६५ आर १५ हा टायर घातला. रिम पंधराचाच, त्यामुळे बसतो. पण त्याचा व्यास ६४७.५ आणि घेर २०३५ मिलिमीटर. एक किलोमीटर जायला पहिला टायर सुमारे ४५२ फेरे घेतो, हा ४९१. आणि गाडीचे मीटर रस्ता मोजत नाही, बरं का! ते फेरे मोजते. खरा रस्ता ४८० किलोमीटर आणि डिझेल ४० लिटर असेल, तर खरा हिशेब लिटरला १२ किलोमीटरचा. लहान टायरवर मात्र मीटर जवळजवळ ५२१ दाखवते आणि हिशेब १३ चा दिसतो. मालक खूश! पण वाचले काय? एक थेंबही नाही. मोठा टायर घातला तर उलट होते. मीटर कमी दाखवते आणि मालक उगाच इंजिनाला दोष देतो.

मीटरची फसवणूक पैशाची झाली, भाराची चूक जिवावर बेतते. टायरवर भाराचाही अंक असतो. १०० या अंकाचा अर्थ एका टायरला ८०० किलो, ९४ चा अर्थ ६७० किलो. मागच्या दोन चाकांवर गाडी आणि कांद्याची पोती मिळून १६०० किलो भार असेल, तर ९४ अंकाच्या टायरवर प्रत्येकी १३० किलो जादा पडतात. तो जास्त दबतो, जास्त तापतो. कसारा घाट उतरून भर उन्हात गाडी वेगात असताना असा टायर फुटला, तर वाचवलेल्या पैशाचे काय करायचे?

मग मोठा टायर घालावा का? मोकळ्या सपाट रस्त्यावर त्याने इंजिन थोडे सावकाश फिरते, हे खरे. पण जड चाक दर वेळी थांब्यातून हलवायला जास्त जोर लागतो, आणि चढावर गिअर आधीच उतरवावा लागतो. अंधेरी-घाटकोपर भागात दर सिग्नलला थांबणाऱ्या गाडीला त्यातून फायदा व्हायचा नाही. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ बनावटीत मनमानी बदल करू देत नाही.

१९७३ साली अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले, तेव्हापासून इंधन वाचवण्याचे अनेक सल्ले निघाले. त्यांतले टायरपुरते थोडक्यात असे. माप आणि भाराचा अंक गाडीच्या पुस्तकात किंवा दारालगतच्या पट्टीवर असेल तोच घ्यावा. एका आसावर दोन जातींचे टायर घालू नयेत. हवा टायर थंड असताना, मालाच्या भाराप्रमाणे, पट्टीवर दिलेली भरावी. कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि डिझेल खातो. आणि सरासरी काढायची झाली, तर टाकी काठोकाठ भरून निघावे, रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून अंतर मोजावे, परत टाकी काठोकाठ भरावी आणि मग भागाकार करावा.

२०१६ साली राज्यात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यावर, शेतकऱ्याला आपला माल थेट उपनगरातल्या ग्राहकाकडे नेणे सोपे झाले. त्या धंद्यात नफ्याची रेघ बारीक असते. म्हणून पुढच्या खेपेस टायरच्या दुकानात जाल तेव्हा जुन्या टायरवरचे आकडे कागदावर उतरवून न्या, आणि घरातल्या शाळकरी मुलाकडून घेराचे गणित आधी करून घ्या.