परीक्षार्थीबरोबर बदलणारी प्रश्नपत्रिका

परिचारिकेला परवाना देताना शासनाला खरे तर एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते: हिच्या हाती रुग्ण सोपवणे सुरक्षित आहे की नाही? ती वर्गात पहिली आली की चाळिसावी, याच्याशी शासनाला कर्तव्य नाही. गोष्ट साधी दिसते. पण या एका प्रश्नाभोवती परीक्षा उभी करायला अमेरिकेलाही नव्वद वर्षे लागली.

परिचारिकांच्या नोंदणीचा तेथील पहिला कायदा १९०३ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यात झाला. पुढे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आणि परीक्षाही वेगळी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ पासून, राज्ये सामाईक प्रश्नपत्रिका वापरू लागली. १९७८ मध्ये राज्यांच्या परिचर्या मंडळांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि १९८२ मध्ये परीक्षेला ‘एनक्लेक्स’ हे नाव मिळाले. ढाचा मात्र जुनाच राहिला: वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि जुलैत, दोन दिवस चालणारी लेखी परीक्षा. शिक्षण पुरे केलेल्या मुलीने आधी परीक्षेची वाट पाहायची, मग निकालाची. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रतीक्षेची किंमत चटकन दिसते: रुग्णालयात जागा रिकामी आणि शिकलेले माणूस घरी.

एप्रिल १९९४ मध्ये ही परीक्षा संगणकावर गेली, आणि तीही नुसती पडद्यावर उतरवलेली प्रश्नपत्रिका म्हणून नव्हे. डेन्मार्कचे गणिती गेऑर्ग राश यांनी १९६० साली दाखवले होते की, परीक्षार्थीची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच मोजपट्टीवर मांडता येतात. एनक्लेक्स याच प्रतिमानावर चालते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न थोडा अवघड, चुकले की थोडा सोपा. उमेदवार ठरवलेल्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक थांबतो. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या नव्या स्वरूपात ही संख्या किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न अशी आहे.

या परीक्षेसाठी पूर्वी विमानाचे भाडे भरून अमेरिकी भूमीवरच जावे लागे. जानेवारी २००५ मध्ये लंडन, हाँगकाँग व सोल येथे केंद्रे उघडली आणि २००६ मध्ये मुंबई-दिल्लीसह भारतातील काही शहरांत. वाचकांपैकी कित्येकांच्या घरातल्या मुली आता ही परीक्षा देत असतील, म्हणून एक गोष्ट जरा विस्ताराने सांगतो.

दिल्लीतल्या माझ्या ओळखीची एक मराठी परिचारिका संगणकावरील सराव चाचण्यांनी रडकुंडीला आली होती. पदविकेत विशेष प्राविण्य मिळवलेली मुलगी. येथे मात्र निम्मी उत्तरे चुकत. मी तिला एवढेच सांगितले की, यंत्र नीट चालले आहे. आपल्या पातळीला नेमका जुळणारा प्रश्न म्हणजे जो बरोबर येण्याची व चुकण्याची शक्यता सारखीच, असा प्रश्न. टक्केवारीवर वाढलेल्या आपल्या मुलांना हे पचत नाही.

शिवाय परीक्षा आणि सराव यांचे उद्देश वेगळे आहेत. परीक्षेचा संगणक लवकरात लवकर निर्णय घेऊन थांबू पाहतो. सरावाच्या संगणकाने कच्चा विषय हुडकून तेथेच घुटमळायचे असते, मग ते औषधाची मात्रा काढणे असो की चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे धावायचे हे ठरवणे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले की, मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची चाचणी घेतल्याने तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहतो. पण तेच तेच प्रश्न घोकून चढवलेल्या पातळीला माझ्या मते काडीचीही किंमत नाही. उत्तराइतकेच, उरलेले तीन पर्याय का चुकीचे, हे वाचायला हवे. घाईत तेच वगळले जाते.

फिलिपाइन्समध्ये जून २००६ च्या परिचारिका परवाना परीक्षेचे प्रश्न फुटले. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका होती. त्यामुळे प्रामाणिक उमेदवारही संशयात सापडले आणि अमेरिकेला जाऊ इच्छिणाऱ्यांना काही भाग पुन्हा द्यावा लागला. प्रत्येकीची प्रश्नपत्रिका वेगळी असती, तर एवढ्या जणी एकदम भरडल्या गेल्या नसत्या.

आपल्याकडे १९४७ च्या कायद्याखालील व्यवस्थेत मान्यताप्राप्त संस्थेची परीक्षा उत्तीर्ण होऊन राज्य परिषदेकडे नाव नोंदवायचे, एवढेच होते. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली नवा कायदा संमत केला. आता कोणी ‘आपणही संगणकावर अशी परीक्षा घेऊ’ म्हणाले, तर मी आधी प्रश्नपेढीबद्दल विचारीन. एनक्लेक्सच्या त्या किमान ८५ प्रश्नांपैकी १५ प्रश्न गुणांत धरलेच जात नाहीत. ते किती अवघड आहेत, हे खऱ्या उमेदवारांवर पारखून मगच पुढच्यांसाठी वापरतात. आपल्याकडे बहुधा दोन-तीन प्राध्यापक बंद खोलीत बसून प्रश्नपत्रिका काढतात, आणि त्यातला एकेक प्रश्न किती अवघड होता, याची नोंद परीक्षेनंतरही कोणी ठेवत नाही.