चीक टिंट

चीक टिंट : गालांवर लालीची छटा आणणारे पातळ, द्रवरूप प्रसाधन. पावडर ब्लशमधले रंगकण त्वचेवर बसून राहतात. टिंटमधला विरघळलेला रंग मात्र त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या, मृत पेशींच्या थरात मुरतो. लाज, ऊन किंवा श्रम यांनी गाल लाल होतात तेव्हा आतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि तो रंग त्वचेतून झिरपल्यासारखा दिसतो. टिंट पारदर्शक असल्याने त्याखालची रंध्रे, तीळ, त्वचेचा पोत झाकला जात नाही. त्याची लाली नैसर्गिक वाटते ती यामुळेच.

या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध उत्पादन म्हणजे ‘बेनेटिंट’. जीन आणि जेन फोर्ड या जुळ्या बहिणींनी १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ‘द फेस प्लेस’ नावाचे दुकान काढले. एका नर्तिकेला स्तनाग्रांसाठी घामाने न ओघळणारा गुलाबी रंग हवा होता; तिच्यासाठी बहिणींनी घरीच गुलाबपाकळ्या उकळून तो बनवला, अशी हकिगत कंपनी सांगते. पुढे हाच रंग ओठांना आणि गालांना लागला. दुकानाची पुढे ‘बेनिफिट’ ही कंपनी झाली आणि १९९९ मध्ये ती फ्रान्सच्या एलव्हीएमएच उद्योगसमूहाकडे गेली.

लाल टिंटमध्ये कार्माइन हा रंग पुष्कळदा असतो. फड्या निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील कीटकांच्या वाळवलेल्या माद्यांपासून तो काढतात. पेरू हा त्याचा प्रमुख उत्पादक देश. घटकांच्या यादीत तो ‘सी.आय. ७५४७०’ या क्रमांकानेही येतो, म्हणून शाकाहारी व्यक्तीने हा आकडा लक्षात ठेवावा. क्वचित कोणाला त्याची तीव्र अ‍ॅलर्जी होते. अमेरिकेत २०११ पासून वेष्टनावर त्याचे नाव छापणे बंधनकारक आहे.

टिंट काही क्षणांत वाळते आणि वाळल्यावर पसरत नाही. म्हणून एका वेळी एकच गाल घ्यावा : दोन-तीन ठिपके लावून बोटाच्या पेरांनी लगेच थोपटत गालाच्या उंचवट्यावरून कानाच्या दिशेने विरवत न्यावेत. छटा फिकी वाटली तर वर दुसरा हात द्यावा. कोरड्या, फुटलेल्या त्वचेत रंग जास्त शोषला जाऊन डाग पडतात, म्हणून आधी मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन पूर्ण मुरू द्यावे. पावडर लावायची असेल तर टिंटनंतरच.

गव्हाळ आणि सावळ्या त्वचेसाठी छटेची निवड फार महत्त्वाची आहे. पारदर्शक फिकट गुलाबी रंग अशा त्वचेवर दिसतच नाही आणि त्यात पांढरे रंगद्रव्य मिसळलेले असेल तर गाल राखट दिसतात. डाळिंबी, जांभळट लाल किंवा विटकरी छटा तिथे खरी लाली आणतात. गोऱ्या त्वचेच्या जाहिरातीवरून बाटली निवडणे हा पैशाचा अपव्यय आहे.

बिटाचा रस गालांना लावण्याचा घरगुती उपायही प्रचलित आहे. त्यातले बीटानिन प्रकाशाने आणि उष्णतेने लवकर फिके पडते. शिवाय रसात परिरक्षक नसल्याने त्यात जंतू वाढतात. तो लागेल तेवढाच ताजा काढावा, साठवू नये.