आर्थिक व सामाजिक परिषदेच्या आयोगांवरील आणि मंडळांवरील निवडणुका

संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेच्या अखत्यारीतील आयोग आणि समित्या, तसेच संयुक्त राष्ट्रांच्या निधी व कार्यक्रमांची कार्यकारी मंडळे यांवर सदस्य राष्ट्रांची निवड करण्यासाठी ही परिषद दरवर्षी निवडणुका घेते. निवडून येते ते राष्ट्र. त्याच्या वतीने बैठकीत कोणी बसावे हे त्या राष्ट्राचे सरकार ठरवते. जागांची विभागणी पाच प्रादेशिक गटांमध्ये केलेली असते. नियमानुसार मतदान गुप्त असते. मात्र एखाद्या गटाने जागांइतकेच उमेदवार दिल्यास बहुधा मतदान न घेता त्यांची बिनविरोध निवड जाहीर केली जाते. त्यामुळे अनेक जागांचा निर्णय परिषदेच्या सभागृहाऐवजी गटांतर्गत वाटाघाटींमध्येच होतो.

पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या दहाव्या प्रकरणात आर्थिक व सामाजिक परिषदेची रचना व अधिकार दिलेले आहेत. आर्थिक व सामाजिक क्षेत्रांसाठी आणि मानवी हक्कांच्या संवर्धनासाठी आयोग नेमण्याचा अधिकार परिषदेला अनुच्छेद ६८ नुसार मिळाला आहे. अनुच्छेद ६७ नुसार परिषदेच्या प्रत्येक सदस्याला एक मत असते आणि निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतात. परिषदेत कोणत्याही राष्ट्राला नकाराधिकार किंवा कायमचे सदस्यत्व नाही.

परिषदेची स्थापना झाली तेव्हा तिचे १८ सदस्य होते. सनदेत दुरुस्ती होऊन ही संख्या १९६५ मध्ये २७ आणि १९७३ मध्ये ५४ झाली. हे ५४ सदस्य आमसभा तीन वर्षांसाठी निवडते व दरवर्षी त्यांपैकी १८ जागा भरल्या जातात. आफ्रिकेला १४, आशियाला ११, पूर्व युरोपला ६, लॅटिन अमेरिका व कॅरिबियनला १० आणि पश्चिम युरोप व इतर राष्ट्रांच्या गटाला १३ जागा आहेत. आयोगांसाठी व मंडळांसाठी मतदानाचा अधिकार या ५४ राष्ट्रांनाच असतो. उमेदवार मात्र परिषदेचा सदस्य असण्याची आवश्यकता नसते.

प्रमुख आयोग व मंडळे

प्रत्येक आयोगाची सदस्यसंख्या आणि गटवार जागा त्याच्या स्थापनेच्या किंवा पुनर्रचनेच्या ठरावाने निश्चित झालेल्या आहेत. त्यांपैकी काही पुढीलप्रमाणे:

• सांख्यिकी आयोग: २४ सदस्य, मुदत चार वर्षे. आफ्रिका ५, आशिया ४, पूर्व युरोप ४, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन ४, पश्चिम युरोप व इतर ७.
• महिलांच्या स्थितीविषयक आयोग: ४५ सदस्य, मुदत चार वर्षे. आफ्रिका १३, आशिया ११, पूर्व युरोप ४, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन ९, पश्चिम युरोप व इतर ८.
• अशासकीय संस्थांविषयक समिती: १९ सदस्य, मुदत चार वर्षे. आफ्रिका ५, आशिया ४, पूर्व युरोप २, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन ४, पश्चिम युरोप व इतर ४.
• युनिसेफचे कार्यकारी मंडळ: ३६ सदस्य, मुदत तीन वर्षे. आफ्रिका ८, आशिया ७, पूर्व युरोप ४, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन ५, पश्चिम युरोप व इतर १२.
• यूएन विमेनचे कार्यकारी मंडळ: ४१ सदस्य, मुदत तीन वर्षे. यांपैकी ३५ जागा प्रादेशिक गटांना आणि ६ जागा आर्थिक योगदान देणाऱ्या राष्ट्रांना आहेत.

याशिवाय लोकसंख्या व विकास, सामाजिक विकास, अमली पदार्थ, गुन्हेगारी प्रतिबंध व फौजदारी न्याय आणि विकासासाठी विज्ञान व तंत्रज्ञान या विषयांवरील आयोगांचे सदस्यही परिषद निवडते. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मंडळावरील ३६ सदस्यांपैकी १८ सदस्य ही परिषद निवडते आणि उरलेले १८ अन्न व कृषी संघटनेची परिषद निवडते.

या संस्थांचे अधिकार सारखे नाहीत. कार्यकारी मंडळे संबंधित संस्थेचे अंदाजपत्रक आणि देशनिहाय कार्यक्रम मंजूर करतात. सांख्यिकी आयोग राष्ट्रीय लेखे, जनगणना आणि शाश्वत विकासाचे निर्देशांक यांसाठीची आंतरराष्ट्रीय मानके ठरवतो. कोणत्या स्वयंसेवी संस्थांना संयुक्त राष्ट्रांमध्ये सल्लागार दर्जा द्यावा याची शिफारस अशासकीय संस्थांविषयक समिती करते. या दर्जामुळे संस्थांना बैठकांना उपस्थित राहता येते व निवेदने सादर करता येतात. त्यामुळे समितीवर कोणती राष्ट्रे आहेत, यावर मानवी हक्कांच्या क्षेत्रातील संस्थांचा प्रवेश बऱ्याच अंशी अवलंबून असतो.

निवडणुकीची पद्धत

निवडणुका न्यूयॉर्क येथील मुख्यालयात होतात. अलीकडच्या काळात त्या बहुधा एप्रिल महिन्यात घेतल्या जातात. प्रत्येक प्रादेशिक गटासाठी स्वतंत्र मतपत्रिका असते आणि त्या गटाच्या रिक्त जागांइतकीच नावे तिच्यावर लिहिता येतात. त्याहून अधिक नावे लिहिल्यास मतपत्रिका अवैध ठरते. निवडून येण्यासाठी वैध मतदानाच्या निम्म्याहून अधिक मते आवश्यक असतात. ५३ वैध मतपत्रिका असल्यास ही मर्यादा २७ होते.

जागांपेक्षा अधिक उमेदवारांना बहुमत मिळाल्यास सर्वाधिक मते मिळवणारे निवडून येतात. बहुमत मिळवणारे उमेदवार पुरेसे नसतील, तर उरलेल्या जागांसाठी अधिक मते मिळालेल्या मोजक्या उमेदवारांमध्ये पुन्हा मतदान होते. अखेरीस मते समसमान पडल्यास चिठ्ठी काढून निर्णय केला जातो.

एखाद्या गटाने जागांपेक्षा कमी उमेदवार दिल्यास उरलेल्या जागांची निवडणूक पुढील बैठकीपर्यंत तहकूब ठेवली जाते. मुदत संपण्यापूर्वी एखाद्या राष्ट्राने राजीनामा दिल्यास उर्वरित काळासाठी पोटनिवडणूक होते. पश्चिम युरोप व इतर राष्ट्रांच्या गटात कार्यकारी मंडळांवरील जागा आपसांत वाटून घेण्याची पद्धत आहे. त्यामुळे या गटातील राष्ट्रे ठरल्याप्रमाणे मुदतीपूर्वी राजीनामे देतात व त्यांच्या जागी गटातील दुसरे राष्ट्र निवडले जाते.

बिनविरोध निवड

गटाने जागांइतक्याच उमेदवारांची संमत यादी सादर केली की परिषदेपुढे निवडीचा पर्याय प्रत्यक्षात उरत नाही. या पद्धतीचे समर्थक असे मांडतात की, तिच्यामुळे लहान राष्ट्रांनाही आळीपाळीने संधी मिळते आणि गटातील कटुता टळते. टीकाकारांच्या मते, उमेदवार राष्ट्राची त्या विषयातील कामगिरी तपासण्याची एकमेव संधी यामुळे नाहीशी होते. निवडणूक चुरशीची झाली तरी अनेकदा राष्ट्रे एका मंडळावरील पाठिंब्याच्या बदल्यात दुसऱ्या मंडळावर पाठिंबा देतात. मतदान गुप्त असल्याने दिलेले आश्वासन पाळले गेले की नाही, हे मात्र पडताळता येत नाही.

उल्लेखनीय निवडणुका

३ मे २००१ रोजी अमेरिकेने मानवी हक्क आयोगावरील जागा गमावली. १९४७ पासून ती या आयोगाची सलग सदस्य होती. पश्चिम युरोप व इतर गटाच्या तीन जागांसाठी चार उमेदवार होते. फ्रान्सला ५२, ऑस्ट्रियाला ४१, स्वीडनला ३२ आणि अमेरिकेला २९ मते मिळाली. पुढील वर्षी स्पेन व इटली यांनी माघार घेतल्यामुळे अमेरिका बिनविरोध परत आली. एकाच जागेसाठी खुल्या मतदानाने आणि गटांतर्गत तडजोडीने किती भिन्न निकाल लागू शकतो, याचे हे उदाहरण मानले जाते.

नोव्हेंबर २०१० मध्ये यूएन विमेनच्या पहिल्या कार्यकारी मंडळाची निवडणूक झाली. आशियाई गटाच्या दहा जागांसाठी दहा नावे ठरली होती व त्यांत इराणचा समावेश होता. ऐनवेळी पूर्व तिमोरने उमेदवारी दाखल केल्याने मतदान घ्यावे लागले. त्यात पूर्व तिमोरला ३६ आणि इराणला १९ मते मिळाली व इराणची जागा हुकली.

युक्रेनवरील आक्रमणानंतर एप्रिल २०२२ मध्ये रशियाला अशासकीय संस्थांविषयक समितीवर निवडून येता आले नाही. एप्रिल २०२३ मध्ये महिलांच्या स्थितीविषयक आयोगाच्या निवडणुकीत रुमानियाने आणि युनिसेफच्या मंडळाच्या निवडणुकीत एस्टोनियाने रशियाचा पराभव केला.

भारताचा सहभाग

परिषदेचे पहिले अध्यक्ष १९४६ मध्ये भारताचे सर रामस्वामी मुदलियार होते. महिलांच्या स्थितीविषयक आयोगाच्या १९४७ मधील पहिल्या अधिवेशनात बेगम शरीफा हमीद अली यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी असलेल्या हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या अनुच्छेदात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ अशी शब्दरचना स्वीकारली गेली. आयोगावरील एका जागेचा परिणाम किती दूरगामी असू शकतो, हे यावरून दिसते.

सप्टेंबर २०२० मध्ये महिलांच्या स्थितीविषयक आयोगावरील आशियाई गटाच्या दोन जागांसाठी तीन उमेदवार होते. अफगाणिस्तानला ३९, भारताला ३८ आणि चीनला २७ मते मिळाली. ५ एप्रिल २०२३ रोजी सांख्यिकी आयोगावरील दोन जागांसाठी भारत, दक्षिण कोरिया, चीन आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात लढत झाली. भारत ५३ पैकी ४६ मते मिळवून पहिल्याच फेरीत निवडून आला. दक्षिण कोरियाला २३, चीनला १९ आणि संयुक्त अरब अमिरातीला १५ मते मिळाली. म्हणजे तिघांपैकी कोणालाही बहुमत मिळाले नाही. पुढे दक्षिण कोरिया व चीन यांना समसमान मते पडल्याने दुसरी जागा चिठ्ठी काढून दक्षिण कोरियाला देण्यात आली.

सदस्यत्व संपुष्टात आणणे

निवडून आलेल्या राष्ट्राला मुदतीपूर्वी हटवण्याची स्वतंत्र तरतूद सनदेत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीचा कोठडीत असताना मृत्यू झाल्यानंतर इराणमध्ये आंदोलन उसळले व सरकारने ते बळाने दडपले. १४ डिसेंबर २०२२ रोजी परिषदेने इराणला महिलांच्या स्थितीविषयक आयोगावरून हटवण्याचा ठराव २९ विरुद्ध ८ मतांनी संमत केला. १६ सदस्य तटस्थ राहिले, त्यांत भारतही होता. अशा प्रकारे या आयोगावरून सदस्याला हटवण्याची ही पहिलीच वेळ होती. ठरावाच्या विरोधकांनी त्याला कायदेशीर आधार नसल्याचा आक्षेप घेतला. ज्या परिषदेने निवड केली तिलाच ती मागे घेण्याचा अधिकार आहे, अशी समर्थकांची भूमिका होती.

मानवी हक्क परिषदेशी तुलना

मानवी हक्क आयोगाची जागा २००६ मध्ये मानवी हक्क परिषदेने घेतली. तिचे ४७ सदस्य आर्थिक व सामाजिक परिषदेऐवजी थेट आमसभा गुप्त मतदानाने निवडते. येथे उमेदवार बिनविरोध असला तरी त्याला आमसभेच्या एकूण सदस्यांचे बहुमत, म्हणजे १९३ पैकी किमान ९७ मते मिळवावी लागतात. कोणतेही राष्ट्र सलग दोनपेक्षा अधिक मुदती सदस्य राहू शकत नाही. मानवी हक्कांचे गंभीर व पद्धतशीर उल्लंघन करणाऱ्या सदस्याला निलंबित करण्याची तरतूदही स्थापनेच्या ठरावातच आहे. त्यासाठी दोन तृतीयांश बहुमत लागते. या तरतुदीनुसार २०११ मध्ये लिबिया आणि ७ एप्रिल २०२२ रोजी रशिया निलंबित झाला. रशियाबाबतच्या ठरावाच्या बाजूने ९३ व विरोधात २४ मते पडली आणि ५८ राष्ट्रे तटस्थ राहिली. आर्थिक व सामाजिक परिषदेच्या आयोगांना व मंडळांना यांपैकी कोणतीही अट लागू नाही. तेथे गटाची संमत यादी आजही बहुतांश जागांसाठी निर्णायक ठरते.