अ लव्ह सुप्रीम

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन (१९२६–१९६७) यांचा चौघा वादकांच्या संचासह ध्वनिमुद्रित केलेला अल्बम. ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतील एंगलवुड क्लिफ्स येथे रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत त्याचे ध्वनिमुद्रण झाले. बॉब थील निर्माते होते. इम्पल्स कंपनीने तो १९६५ मध्ये प्रकाशित केला. कोल्ट्रेन (टेनर सॅक्सोफोन), मॅकॉय टायनर (पियानो), जिमी गॅरिसन (डबल बेस) आणि एल्विन जोन्स (ड्रम) हे त्यातील वादक होत.

हेरॉइनच्या व्यसनापायी १९५७ मध्ये माइल्स डेव्हिस यांच्या संचातून कोल्ट्रेन यांना बाहेर पडावे लागले. त्याच वर्षी त्यांनी व्यसन सोडले. त्या काळात आलेल्या आध्यात्मिक जागृतीबद्दल ईश्वरापाशी व्यक्त केलेली कृतज्ञता म्हणजे हा अल्बम, असे त्यांनी वेष्टनावरील निवेदनात म्हटले आहे.

सुमारे ३३ मिनिटांच्या या रचनेचे चार भाग आहेत : ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट’, ‘रेझोल्यूशन’, ‘पर्स्युअन्स’ आणि ‘साम’. पहिल्या भागात गाँगच्या नादानंतर काही वेळाने बेसवर चार स्वरांची छोटी सुरावट सुरू होते. तीच सुरावट कोल्ट्रेन पुढे सॅक्सोफोनवर पट्ट्या बदलत बाराही पट्ट्यांतून फिरवतात. मग तिच्यावर बेतलेले अल्बमच्या नावाचे शब्द त्यांच्याच आवाजात जपासारखे पुन्हा पुन्हा येतात. दुसऱ्या भागाची सुरुवात गॅरिसन यांच्या एकल वादनाने होते. तिसरा भाग द्रुत लयीतील मायनर ब्लूज असून तो जोन्स यांच्या एकल ड्रमवादनाने उघडतो. ‘साम’मध्ये ठाय लयीत टिंपनीचा घुमारा ऐकू येतो. वेष्टनावर छापलेली कोल्ट्रेन यांची प्रार्थनापर कविता येथे गायली जात नाही. तिच्या शब्दांच्या उच्चारानुसार सॅक्सोफोनचे स्वर लांबतात आणि थांबतात.

मूळ ध्वनिमुद्रणाच्या दुसऱ्या दिवशी आर्ची शेप (सॅक्सोफोन) व आर्ट डेव्हिस (बेस) यांना सोबत घेऊन पहिला भाग पुन्हा वाजवण्यात आला. हे ध्वनिमुद्रण मूळ अल्बममध्ये घेतलेले नाही. या रचनेच्या फ्रान्समधील आंतीब येथील जुलै १९६५ च्या मैफलीचे, तसेच सिअ‍ॅटलमधील त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. सिअ‍ॅटलचे ध्वनिमुद्रण २०२१ मध्ये प्रथम प्रकाशित झाले.

साध्या सुरावटीतून सलग, एकसंध रचना उभी करणारा हा अल्बम जॅझमधील सर्वश्रेष्ठ कृतींपैकी एक मानला जातो. रचनेचे हस्तलिखित स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात जतन केलेले आहे.