कॅमेऱ्यावरील लाखेचा हात

छायाचित्रणाच्या इतिहासात भिंगांचे व रसायनांचे माहात्म्य पुष्कळ गायिले गेले आहे. परंतु १८३९ साली दागेरची कला पॅरिसमध्ये प्रकट झाल्यापासून पुढे कित्येक दशके त्या भिंगाला आणि मागच्या काचेला धारण करणारी पेटी ही वस्तुतः सुतारी हुन्नराची निर्मिती होती, आणि तिच्या महॉगनीवर जी तकाकी खेळे ती हिंदुस्थानच्या रानांत पळस व कुसुम यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या एका क्षुद्र कीटकाच्या स्रावाची असे, याचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही.

कंपनी सरकारच्या अमदानीत लाखेची रवानगी विलायतेस होई ती बरीचशी तिच्या तांबड्या रंगासाठी, आणि राळ हा दुय्यम जिन्नस समजला जाई. १८५६ साली रसायनशास्त्रज्ञ पर्किनने कृत्रिम रंगाचा शोध लावल्यावर रंगाची ती पेठ क्रमाने बसली आणि त्या राळेच्या पातळ पापुद्र्यांना, म्हणजे चपड्याला, भाव चढला. मिर्झापूरच्या कारखान्यांत धुतलेली लाख लांबट कापडी पिशवीत भरून विस्तवापुढे पिळीत, आणि ती ऊन असतानाच कारागीर हात, पाय व दात यांनी ताणून तिचा पातळ पापुद्रा काढी. लंडनच्या दुकानात त्या तकाकीवरून बोट फिरविणाऱ्या गृहस्थास या दातांची वार्ता नसावी, हे एका परीने बरेच झाले!

केंब्रिजचे लाकूडकामात निष्णात असलेले फ्रेडरिक सँडरसन यांनी १८९५ साली आपल्या कॅमेऱ्याचे पेटंट घेतले, आणि पुढे त्या नावाची एक 'ट्रॉपिकल' आवृत्ती निघाली. दमट मुलखात चामड्याचे आच्छादन किडीच्या भक्ष्यस्थानी पडते आणि सरसाचे सांधे सुटतात, म्हणून असल्या उष्णदेशीय कॅमेऱ्यांत उघडे सागवान योजून त्यास पितळी पट्ट्यांनी जखडीत. सागवानाने वाळवीस तोंड दिले. परंतु लाखेस ओल लागली की पांढुरके डाग उमटतात आणि उष्णतेने ती मऊ पडते, त्यामुळे आमच्या रानातून गेलेली ही तकाकी इकडे परतली की पहिल्या पावसाळ्यातच तिची परीक्षा होई.

अशी पेटी आज हाती आली असता पॉलिशकागदाने ती लाकडापर्यंत घासून काढणे हा उजाळा नव्हे, अपहार होय. कारण कडांवरील झीज आणि छायाचित्रकाराच्या मुठीने काळवंडलेली जागा हेच तिचे दफ्तर असते. प्रथम टर्पेंटाइनने मेण व मळ काढावा, कारण त्यात लाख विरघळत नाही. मग आडबाजूला स्पिरिटचा थेंब लावून पाहावा, आणि जागा चिकट झाली तर थर लाखेचाच आहे असे समजावे. त्यानंतर कापसाच्या गोळ्यावर धुवट मलमल गुंडाळून केलेला बोळा, त्यात स्पिरिटमध्ये विरघळविलेला चपडा आणि सरकण्यापुरते जवसाचे तेल घेऊन, न थांबता वर्तुळाकार फिरवीत राहावे. हात थांबला की बोळा तेथेच चिकटतो. नवा थर जुन्या थरास किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो, हा गुण आधुनिक पॉलियुरेथेनमध्ये नाही, आणि म्हणूनच माझ्या मते त्याला या पेटीजवळ फिरकू देऊ नये.

पितळी पट्ट्यांवरही पुष्कळदा लाखेचेच सोनेरी रोगण दिलेले असते. हौशी मंडळी पितळ चकाकविण्याच्या भरात ते पार घासून टाकतात, आणि मग दर पावसाळ्यानंतर काळे पडलेले पितळ पुन्हा घासत बसतात.