'चार दिवसांत' की 'रोज'? – केमोथेरपीच्या एका ओळीची गोष्ट

केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या फाइलमध्ये औषधांचा एक तक्ता असतो. कोणते औषध, किती, कोणत्या दिवशी आणि पुढची सायकल कधी, हे सगळे त्यात असते. यालाच प्रोटोकॉल म्हणतात. हल्ली तो बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरवर असतो. "डॉक्टर, चार ओळी हाताने लिहायला काय हरकत आहे?" असे कुणी विचारले, तर त्याचे उत्तर इतिहासात आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकेत डॉ. व्हिन्सेंट डेव्हिटा आणि सहकाऱ्यांनी हॉजकिन्स लिम्फोमासाठी 'मॉप' ही चार औषधांची उपचारपद्धती आणली. दोन इंजेक्शने पहिल्या आणि आठव्या दिवशी, गोळ्या चौदा दिवस, मग विश्रांती. असे २८ दिवसांचे एक चक्र. डोस ठरायचा उंची आणि वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठफळावर. रक्तातल्या पेशी कमी झाल्या की डोसही कमी करायचा. पुढे असे प्रोटोकॉल वाढत गेले आणि ते लक्षात ठेवणे अवघड होऊ लागले.

१९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. एडवर्ड शॉर्टलिफ यांच्या गटाने 'ऑन्कोसिन' हा कॉम्प्युटर प्रोग्राम करायला घेतला. १९८१ मध्ये तो तिथल्या कॅन्सर क्लिनिकमध्ये वापरात आला. छापील प्रोटोकॉल कॉम्प्युटरला समजावताना एक गोष्ट उघड झाली: कितीतरी वाक्ये संदिग्ध होती! अर्धवट वाक्य माणूस आपल्या समजुतीने पूर्ण करतो. कॉम्प्युटरला मात्र प्रत्येक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते.

ही संदिग्धता किती महाग पडू शकते, हे १९९४ मध्ये दिसले. बेट्सी लेहमन ही 'बोस्टन ग्लोब' या वृत्तपत्राची आरोग्यविषयक स्तंभलेखिका. वय ३९. स्तनाच्या कॅन्सरसाठी ती बोस्टनच्या नामांकित डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल होती. सायक्लोफॉस्फमाइड या औषधाचा चार दिवसांत मिळून द्यायचा एकूण डोस तिला रोज दिला गेला. म्हणजे चौपट! जास्त प्रमाणात हे औषध हृदयाला इजा करते. ३ डिसेंबरला ती गेली. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट अशा अनेकांच्या हातांतून ती ऑर्डर गेली होती. चूक लक्षात आली ती फेब्रुवारी १९९५ मध्ये, नोंदी तपासताना.

दोष केवळ एका माणसाचा नव्हता. लिहिण्याच्या पद्धतीचाही होता. त्यानंतर त्या संस्थेने कॉम्प्युटरवरून ऑर्डर देण्याची पद्धत आणली. मर्यादेबाहेरचा डोस टाकला की यंत्रणा अडवते. 'एकूण डोस' न लिहिता 'रोजचा डोस आणि किती दिवस' असे लिहावे, हा नियमही आता सर्वमान्य आहे.

आपल्याकडे २०१२ पासून मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड काम करते. देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांत उपचार सारख्या दर्जाचे व्हावेत, हा तिचा हेतू.

पण लक्षात ठेवा, कॉम्प्युटरमध्ये चुकीचे भरले तर ते प्रत्येक रुग्णासाठी चुकते. म्हणून दुसऱ्या माणसाने तपासणे आजही आवश्यक आहे. आणि तिसरे तपासणारे तुम्ही! प्रत्येक सायकलआधी उंची-वजन मोजले का, आज कोणते औषध आहे, ते किती दिवस घ्यायचे, हे निःसंकोच विचारा. डोस मागच्या वेळेपेक्षा वेगळा वाटला, तर औषध सुरू होण्याआधीच सांगा. अशा प्रश्नाने चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.